चौकटीतलं भोक आणि सात रेघा

आमच्या काकांना भोक सहन व्हायचं नाही. सुतारच ते. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी चहा निवेपर्यंत त्यांची नजर दाराच्या चौकटीवर. भोक दिसलं की खिशातून लांबीची डबी बाहेर. लांबी म्हणजे भुसा आणि सरस कालवून केलेला लगदा. तो बोटाने दाबून भरायचा आणि वाळला की घासायचा. नंतर भोक कुठे होतं ते यजमानालाही सांगता यायचं नाही.

काकू फटकळ, नाकावर माशी बसू द्यायची नाही. घाबरायची फक्त गांधीलमाशीला, आणि त्याला कारण होतं. एकदा वाळत घातलेला टॉवेल न झटकता तिने तोंड पुसलं आणि आतली माशी गालाला चावली. घटकाभरात घसा सुजला, श्वास घेता येईना. डॉक्टरांनी वाचवलं, पण बजावलं की पुन्हा चावली तर जिवावर बेतेल. तेव्हापासून त्या घरात झटकल्याशिवाय टॉवेल अंगाला लागत नसे, आपटल्याशिवाय बुटात पाय जात नसे आणि सरबताच्या ग्लासवर कायम बशी असे. आम्ही हसायचो, पण बूट आपटायचो. मी अजून आपटतो.

एका उन्हाळ्यात शिवणाच्या खोलीतल्या खिडकीच्या चौकटीत गांधीलमाश्या ये-जा करताना दिसल्या. काकू म्हणाली, "अहो, कुणी जाणता माणूस बोलवा." काका कसले ऐकतात. संध्याकाळी माश्या आत शिरल्यावर त्यांनी बाहेरून भोक बुजवलं आणि हात झटकत म्हणाले, "सुंठीवाचून खोकला गेला."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू शिवणाच्या मशीनवर बसली होती. कोंडलेल्या माश्यांनी चौकटीचं आतल्या बाजूचं भुसभुशीत लाकूड कुरतडलं आणि एकेक करून त्या खोलीत उतरू लागल्या. मी दारात उभा होतो. काका टॉवेल फिरवत धावले, तेवढ्यात काकू ओठ न हलवता म्हणाली, "हात खाली. कुणी हलू नका." मग ती सावकाश उठली, पाऊल न वाजवता दारापर्यंत आली आणि बाहेर येऊन तिने दार ओढून घेतलं. एकही माशी चावली नव्हती. काका मात्र भिंतीला टेकून खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. मी त्यांना रडताना तेवढं एकदाच पाहिलं.

पोळं काढणारा माणूस दुपारी आला आणि त्याने काकांना चार शब्द ऐकवले.

त्यानंतर कुठलंही भोक भरण्याआधी काका आठ दिवस पाहत. रोज सकाळी अर्धा तास समोर बसायचं. कुणी ये-जा केली नाही तर कानावरची पेन्सिल काढून शेजारी एक रेघ. आठ रेघा झाल्या की लांबी. गिऱ्हाइकं वैतागायची. "अहो, दोन मिनिटांचं काम," एक जण म्हणाला. काका म्हणाले, "दोन मिनिटांतच केलं होतं मी."

काका गेले तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीत एका भोकाशेजारी पाच रेघा होत्या. पंधरवड्याने मी लांबी घेऊन गेलो, तर काकूने हात धरला.

"थांब. तीन दिवस राहिलेत त्यांचे."

आतून बारीक जाळी ठोकलेली होतीच. जाळीच्या अलीकडे खुर्ची टाकून काकू दोन सकाळी बसली आणि काकांच्याच पेन्सिलीने तिने दोन रेघा काढल्या. त्या जरा वाकड्या आल्या. तिसऱ्या सकाळीही बसली. भोकातून कुणी आलं नाही, गेलं नाही. अर्धा तास उलटला तरी पेन्सिल तिच्या हातातच.

"काकू, काढ ना रेघ," मी म्हणालो.

"राहू दे रे. आठवी काढली की भरून टाकावं लागेल."

याला सहा वर्षं झाली. मी दर उन्हाळ्यात लांबी घेऊन जातो आणि तशीच परत आणतो. काकू अजून रोज सकाळी चहा घेऊन त्या खुर्चीत अर्धा तास बसते.