पाणी वाकतं का?

मला बघायला आलेला मुलगा जहाजावर अधिकारी होता. आमच्या चितेगावात जहाजावरचा माणूस कुणी पाहिलेला नव्हता, त्यामुळं पोहे संपले तरी प्रश्न संपेनात. माझ्याकडं तर कुणाचं लक्षच नव्हतं.

वडिलांनी विचारलं, "समुद्रावर ना झाड, ना घर. दुसरं जहाज लई लांबून दिसत असंल?"

"नाही काका, आधी नुसता शेंडा दिसतो. खालचा भाग पाण्याच्या फुगवट्याआड असतो. पृथ्वी गोल, तसं पाणीही वळतं."

वडिलांचा चहा हातातच राहिला. वाळूजच्या कंपनीत त्यांनी सारी नोकरी पाणसळ लावून मशिनी बसवण्यात काढली होती. बुडबुडा मधोमध आला की काम चोख, यापलीकडं त्यांचा कशावर विश्वास नव्हता.

"पाणी वाकत नसतं," ते म्हणाले. "वाकलं असतं तर माझ्या समद्या मशिनी तिरक्या बसल्या असत्या."

मुलगा हसला, आणि तिथंच बिघडलं. पाहुणे गेल्यावर वडील म्हणाले, "पोरगं चांगलंय, पण थापा मारतंय. नगं."

मला तो आवडला होता. शिवाय मी शिकवणीत गणित शिकवायची, त्यामुळं त्याचं बरोबर आहे हे मला ठाऊक होतं. बायोडाटावरच्या नंबरवर मीच फोन केला. "हे बाबांना दाखवता येईल का?"

"दुर्बीण आणतो," तो म्हणाला. "पैठणच्या धरणावर या."

थाप उघडी पाडायची म्हणून वडीलही तयार झाले. रविवारी सकाळी आम्ही तिघं काठावर उभे राहिलो. पाणी निवांत होतं. खूप लांब एक होडी होती. वडिलांनी दुर्बीण लावली. "दिसती की अख्खी! होडी बी, माणूस बी."

"आता पाण्याला लागून पोटावर झोपा, काका."

वडिलांनी आपल्या इस्त्रीच्या शर्टाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आणि झोपले.

"आरं, होडी कुठं गेली? माणूस नुसता कमरंपासून वर दिसतोय!"

ते उठले, पाहिलं, पुन्हा झोपले. असं सात-आठ वेळा झालं. शेजारी सहलीला आलेल्या एका बाईंना वाटलं, काकांना फेफरं आलं. त्या फोडलेला कांदा घेऊन धावत आल्या आणि थेट वडिलांच्या नाकाला लावला. दुर्बीण न सोडता वडील म्हणाले, "ताई, जरा बाजूला. पाणी वाकलंय."

बाई आणखीच घाबरल्या.

मग मात्र वडिलांनी दुर्बीण खाली ठेवली. "म्हंजी माझी पाणसळ खोटी?"

"नाय बाबा," मी म्हटलं. "एका मशिनीच्या जागेत हा फुगवटा केसाएवढाही येत नाही. तुमचं काम चोखच होतं."

त्यांचा चेहरा उजळला. "मग दोन्ही जहाजांवरची माणसं उंचावर उभी असली तर किती लांबून दिसतील?"

"तर दोघांची क्षितिजापर्यंतची अंतरं जोडायची!" मी आणि मुलगा एकदमच बोललो, आणि दोघंही ओशाळलो.

वडिलांनी आम्हा दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि कपडे न झटकताच गाडीला किक मारली.

दारातच आई ओरडली, "अवं, कुठं पडलात एवढं?"

"पडलो नाय," वडील म्हणाले. "जावई ठरवून आलो."