मिलोइकाच्या टाकीतलं पाणी

मिलोइकामावशी सत्तरी ओलांडलेली, जन्मभर एकटी, आणि जिभेची अशी तिखट की पाद्रीसुद्धा तिच्या फाटकापाशी भराभर पावलं उचलायचा. दरवर्षी पानगळ झाली की ती शिडी लावून छपरावर चढायची, पन्हळीतली पानं उपसायची, छपरावरचं पावसाचं पाणी जिथं साठायचं त्या अंगणातल्या दगडी टाकीला आतून चुना द्यायची. घरोघर नळ येऊन चाळीस वर्षं झालेली. आम्ही हसायचो, सगळ्यात मोठ्यानं मी.

"मावशी, टाकीत नवरा लपवलायस काय?"

"लपवला असता तर तुझ्यापेक्षा कामाचा निघाला असता, रादो!"

मग त्या फेब्रुवारीत पडता पडता गोठणारा पाऊस आला. झाडं मोडली, विजेचे खांब आडवे झाले आणि दरीतून पाणी वर चढवणारे पंप बंद पडले. आमच्या कार्स्टच्या, म्हणजे भेगाळ चुनखडीच्या पठारावर ना नदी ना ओढा. पडलेलं पाणी दगडात गडप होतं. आणि माझ्या गोठ्यात अकरा गाई! दिवसभर चुलीवर बर्फ वितळवला तरी चार बादल्या होईनात. त्यात त्यांतली ब्रेझा गाभण, दिवस भरलेले. ती कोरडं नाक माझ्या बाहीला घासायची.

तिसऱ्या दिवशी मान खाली घालून मावशीच्या दारात गेलो. म्हटलं, आता ही सालटी काढणार.

"शेणाची बादली बाहेर ठेव," ती म्हणाली. "माझ्या टाकीत माझीच बादली उतरते."

जनरेटरवर पंप लावू दिला नाही. गाळ ढवळतो म्हणे. दोर हातानंच ओढायचा. रोज घरटी एक बादली पिण्याला, बाकी सगळं गोठ्यांना. शाल गुंडाळून ती दिवसभर तिथं उभी. "सांडू नका रे, आळशांनो!" एकालाही तिनं जुनी टवाळी ऐकवली नाही. काय बाई होती!

आठव्या दिवशी दुपारी बादली तळाला खडखडली. नेमकी तेव्हाच ब्रेझा व्याली आणि आडवीच राहिली. ओल्या बाळंतिणीला कोमट पाणी हवंच, नाहीतर गाय हातची जाते. मी धावत मावशीच्या स्वयंपाकघरात घुसलो.

"ब्रेझा व्याली! असेल नसेल ते पाणी दे!"

तिनं चुलीवरचं पातेलं पुढं केलं. "ने. कोमटच आहे."

पाण्यात पाइनच्या काड्या तरंगत होत्या. चुलीशेजारी घमेल्यात फोडलेला बर्फ.

"हे पितेस तू? मग तुझ्या घरची बादली?"

"एकटीला बर्फ पुरतो की."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. माझी बादली तुझ्याच ब्रेझाला जात होती. गाभण होती ना ती. आता तोंड काय बघतोस माझं? पळ!"

ब्रेझानं मान वर न करता पातेलं संपवलं. थोड्या वेळानं धडपडत उठली आणि वासराला चाटायला लागली. मी तिथंच गवतात बसून रडलो. खोटं कशाला सांगू?