पाव नंबरचा कॅमेरा

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत चाळीस वर्षं काचा घासल्यामुळे नंबरकाकांना माणसं नावानं आठवत नसत, नंबरानं आठवत. "काल ते मायनस तीनवाले भेटले, सुनेला घेऊन चालले होते," असं ते सांगत आणि काकू बरोबर ओळखत. पुढे मालक गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा चढवून वाहवा मिळवत; मागे काका गिरणीतून आल्यासारखे पांढरेफटक होऊन बसलेले असत. पण चुकीच्या नंबरची काच त्यांच्या हातून कधी गुपचूप बाहेर गेली नाही. चुकलंच, तर स्वतः उठून पुढे जात आणि म्हणत, "ही माझी चूक. उद्या या."

निवृत्त झाल्यावर घासायला काही उरलं नाही. घरातली भांडी घासून पाहिली; पण तव्याचा आरसा झाल्यावर काकूंनी तोही हक्क काढून घेतला.

अशात काकूंनी नातीच्या शाळेतल्या नाटकासाठी आपल्या थोरल्या भावाचा डिजिटल कॅमेरा मागून आणला. दादा म्हणजे शिस्तीचे. छत्रीपासून नखं कापायच्या कात्रीपर्यंत घरातल्या प्रत्येक वस्तूवर त्यांची नाव-तारखेची चिठ्ठी चिकटवलेली. "धाकटे, देतोय तसाच परत पाहिजे," असं त्यांनी दोनदा बजावलं होतं. नाटक झालं, फोटो निघाले आणि कॅमेरा काकूंच्या पर्समध्ये किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी विसावला. घरी येऊन बघतात तर स्क्रीनवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरखडा!

दादा-वहिनी रविवारी जेवायला येणार होते. शनिवारी सकाळी काकूंच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"दुकानात देऊन येते. दादाला कळलं तर जन्मभर ऐकवेल. चौथीत त्याची कंपासपेटी वाकवली होती, ती अजून सरळ झालेली नाही."

"दुकानात? मी घरात असताना?"

"अहो, तो कॅमेरा आहे, चष्मा नाही."

"काच ती काच!" काकांनी नखानं टकटक केलं आणि त्यांचा चेहरा उतरला. वरचं आवरण काच नव्हतंच, प्लॅस्टिक होतं. दुकानातून आठवण म्हणून आणलेली पॉलिशची लाल पावडर त्यांनी निमूटपणे कपाटात परत ठेवली.

मग बॅटरी काढली. स्क्रीनच्या चारही कडांना चिकटपट्टी लावली, म्हणजे फटीतून आत काही जायला नको. बारीकातला बारीक पॉलिशपेपर पाण्यात भिजवून ओरखड्यावर फिरवला. स्क्रीन मोतीबिंदू झाल्यासारखी पांढरी झाली आणि काकूंनी दाराआडून "देवा!" म्हटलं.

"आत्ता कुठे सुरुवात आहे," काका म्हणाले आणि जुन्या बनियनच्या तुकड्यावर टूथपेस्ट घेतली.

"नवी ट्यूब होती ती!"

"दात उद्या घासू."

तासाभरात ओरखडा दिसेनासा झाला. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण चाळीस वर्षांची बोटं ती! पुन्हा पेपर, पुन्हा पेस्ट, गोल गोल, मधोमध जरा जास्त दाब. काकूंनी जेवायला तीनदा हाक मारली. चौथ्यांदा त्या पोळपाट घेऊनच आल्या, तेव्हा काका उठले.

बॅटरी घालून त्यांनी कॅमेरा खिडकीकडे धरला. काकू हरखल्या. काका मात्र स्क्रीनजवळ वाकले. स्क्रीनवर खिडकीचे गज मधोमध बारीक दिसत होते. कॅमेरा डावीकडे नेला, उजवीकडे नेला, एक डोळा मिटून पाहिलं. शंकाच नव्हती. सवयीच्या हातांनी मधलं प्लॅस्टिक खोलगट घासून स्क्रीनला बारीक दाखवणारा मायनस नंबर आणून दिला होता.

"कुणाला कळणार आहे?" काकू म्हणाल्या. "उद्या तोंड उघडाल तर याद राखा!"

रविवारी जेवणं झाल्यावर दादांनी कॅमेरा उजेडात तिरका धरून तपासला. "नवाकोरा! शाबास, धाकटे. काढ बघू माझा एक, चालतोय ना पाहू."

काकूंनी फोटो काढला. दादा स्क्रीनकडे बघतच राहिले. डॉक्टरांनी पोट कमी करायला सांगितल्यापासून ते तीन महिने रोज पहाटे चालत होते आणि वजनकाटा जागचा हलत नव्हता.

"जावईबापू, मी उतरलोय की हो! बघा, बघा! आणि तुमची वहिनी म्हणते, नुसत्या चपला झिजवताय!"

काकूंनी टेबलाखालून नवऱ्याचा पाय दाबला. काकांनी खाली पाहिलं, वर पाहिलं. पण चुकीचा नंबर नाकावर चढवून गिऱ्हाईक समोर खुशीत बसलंय, हे काही त्यांना बघवेना.

"दादा, पोट कमी झालेलं नाही. प्लॅस्टिक कमी झालंय."

"म्हणजे?"

"ओरखडा कसा पडला ते विचारू नका. बाकी सगळं माझं काम. मायनस पाव नंबर बसलाय. नवीन आवरण घालून देतो."

काकू भिंतीकडे बघू लागल्या. दादांनी स्क्रीन पाहिली, आपलं पोट पाहिलं, पुन्हा स्क्रीन पाहिली. वहिनी आत हात धूत होत्या. दादा आवाज खाली आणून म्हणाले, "नवीन नको."

"पण चुकलंय, दादा."

"माझ्या डोळ्यांना बरोबर आहे."

तरी काकांच्या जिवाला चैन पडेना. दादा-वहिनी निघताना काकांनी कागदाच्या कपट्यावर 'स्क्रीनला नंबर आहे: मायनस पाव' असं सुवाच्य अक्षरात लिहून तो कॅमेऱ्याच्या बुडाला चिकटवला. दादांना चिठ्ठ्या आवडतात, म्हणून.

दादांनी ती वाचली. इतक्यात वहिनी चपला घालायला बाहेर आल्या आणि दादांनी आयुष्यात पहिल्यांदाच एका वस्तूवरची चिठ्ठी खरवडून काढली.