बिट्टीचा रिकामा डबा

अठरा वर्षांत बालवाडीतल्या मावशींकडे कोणी बोट दाखवलं नव्हतं. ते बिट्टीच्या आईनं दाखवलं, तेही मोठ्या बाईंसमोर, अगदी गोड आवाजात.

बिट्टी चार वर्षांची. घरी आई वाटी घेऊन मागे आणि बाबा खेळणं घेऊन पुढे, अशी वरात तासभर घरातून फिरायची, तरी पोरगी दाण्याला शिवत नसे. बालवाडीतून मात्र पहिल्या पंधरवड्यानंतर डबा रोज चाटूनपुसून लख्ख यायचा. मग भात जातो कुठे? एवढंच आईनं विचारलं. विचारताना तिची नजर मावशींच्या भरल्या अंगावरून फिरली, ती मावशींना दिसली.

बाईंनी हसून वेळ मारून नेली. पण दुसऱ्या दिवशी डब्यांच्या वेळी त्या दोनदा दारात डोकावल्या. मावशींच्या तोंडात घास फिरू लागला. शेवटी त्यांनीच निरोप धाडला, की आईंनी येऊन डोळ्यांनी बघावं.

आई आली आणि बिट्टीच्या पुढ्यातच बसली. बिट्टीनं तिच्याकडे पाहिलं, डब्याचं झाकण परत लावलं आणि ओठ मिटले. आईनं दारात उभ्या बाईंकडे वळून पाहिलं. मावशींचे कान तापले. आता कोण विश्वास ठेवणार होतं?

"ताई, माझ्याजवळ या. भिंतीकडे तोंड करून बसा."

"म्हणजे मला काही दिसायला नको?"

"दारात बाई आहेत ना, आडून बघायला. मी रोज अशीच पाठ करून बसते, माझा डबा खाते. खाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत नाही. पहिले पंधरा दिवस हिनं झाकणही उघडलं नव्हतं. मी हूं की चूं केलं नाही."

आईनं पाठ फिरवली, मान तिरकीच ठेवली. मावशींनी आपलं अर्धं अंडं तिच्यापुढे सरकवलं आणि तिच्याकडे टक लावून पाहत राहिल्या. आईनं हात लावला नाही.

"बघा, तुम्हालाही नाही जात," मावशी म्हणाल्या.

तेवढ्यात मागे झाकण वाजलं. मग गाजराचा कुरुमकुरुम आवाज. आई वळणार, तोच मावशींनी तिचं मनगट धरलं.

थोड्या वेळानं बाईंनी डबा आणून दाखवला. तळाला चार शितं होती. "सगळं तिनंच खाल्लं," बाई म्हणाल्या. तरी आईनं वाकून बाकाखाली पाहिलं, दप्तरही चाचपलं. मग खाली मान घालून अंडं खाल्लं.

"मी बसेन पाठ करून," ती पुटपुटली. "पण हिच्या बाबांना कसं बसवू?"

"ते तुम्ही बघा," मावशी म्हणाल्या. "मला चार वर्षांपर्यंतच्या मुलांचीच माहिती आहे."