जपानी घड्याळाची किल्ली

"आधी ह्याचा चहा, मग आपला," असं म्हणून काका खिशातून घड्याळ काढायचे. तळहात भरून जाईल एवढं ते जपानी रेल्वेचं घड्याळ. पांढरी तबकडी, ठसठशीत काळे आकडे. स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभं राहून ते त्याला किल्ली द्यायचे आणि ती पुरी होईपर्यंत कुणाच्या बापाचं ऐकायचे नाहीत. काकूंनी ओतलेला चहा निवून जायचा. मी दाराशी बूट घालून ताटकळत असायचो, कारण न्यूयॉर्कची ट्रेन काही काकांसाठी थांबणार नव्हती.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. न्यूयॉर्कजवळच्या वेस्ट विंडसर गावात मी नवा, बिनमोटारीचा आणि बिनलग्नाचा. काका मागच्या गल्लीतले, मला रोज स्टेशनपर्यंत नेणारे. त्यांच्या मोटारीत डॅशबोर्डवर फोमचा एक तुकडा चिकटवला होता, त्यात गोल खळगा कापलेला. निघताना घड्याळ त्या खळग्यात बसवायचं, त्याच्याकडे बोट रोखायचं आणि मोठ्यानं वेळ म्हणायची. जपानी रेल्वेचे ड्रायव्हर असंच करतात म्हणे. सिग्नल आला की त्याच्याकडे बोट: "हिरवा!" शेजारच्या मोटारीतल्या बाईला घाबरून काच वर करताना मी पाहिलं आहे. काकूंची तक्रार वेगळीच. "गॅसकडे बोट दाखवून 'बंद!' म्हणून ओरडतात. बंद करते मी."

घड्याळ कुणाचं, असं तुम्ही त्यांना विचारलं असतं तर तुमचीही ट्रेन चुकली असती. तरुणपणी भारतातल्या रेल्वेनं त्यांना प्रशिक्षणासाठी जपानला पाठवलं होतं. तिथे एका म्हाताऱ्या ड्रायव्हरशेजारी उभं राहून ते काम शिकले. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती. निरोपाच्या दिवशी, स्वतःही तेव्हाच निवृत्त होत असलेल्या त्या माणसानं आपलं घड्याळ ह्यांच्या हातात ठेवलं आणि अंगठा नि बोट जुळवून फिरवून दाखवलं.

"दुसरं काही मागितलं नाही रे त्यानं. हे चालू ठेव, एवढंच," काका सांगायचे. नोकरी बदलली, देश बदलला, पण त्यांनी एक सकाळ चुकवली नव्हती.

मग ते घड्याळ थकलं. कधी भरदुपारी, कधी सकाळीच मध्ये थांबायला लागलं, आमची ट्रेन चुकायला लागली. "मनगटी घड्याळ घ्या की," मी म्हणालो, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू आई म्हातारी झाली म्हणून मी दुसरी आणायला सांगत होतो. घड्याळजी हात लावायला तयार नव्हते. जपानी रेल्वेचं म्हटल्यावर पार्ट मिळणार नाहीत म्हणायचे. काका कमी बोलू लागले. म्हाताऱ्याला दिलेला शब्द आपल्या हातून मोडतोय, हे त्यांना मनापासून लागलं होतं.

त्यांची मुलगी मीना हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला होती. जन्म इथलाच, मराठी सगळं कळायचं, उत्तर अर्धं इंग्रजीत. उन्हाळाभर तिनं आइस्क्रीमच्या दुकानात काम केलं होतं. "मी रिपेअर करून आणते," म्हणून एके दिवशी ती घड्याळ घेऊन गेली आणि काकांच्या वाढदिवसाला सकाळी तिनं डबी पुढे केली.

"बाबा, ओपन इट!"

घड्याळ चालत होतं! काकांचा चेहरा उजळला. ते लगेच किल्ली फिरवू लागले. फिरवतच राहिले. किरकिर नाही, कुठे अडणं नाही. पूर्वी सरकत जाणारा सेकंदकाटा एकेक उडी मारत होता.

"इट्स क्वार्ट्झ नाऊ!" मीना म्हणाली. "मॉलमधल्या माणसानं आतलं सगळं काढून बॅटरीवरचं नवीन टाकलं. यू नेव्हर हॅव टू वाइंड इट अगेन!"

काकांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "वा! आता माझी ट्रेन काही चुकायची नाही." काकू माझ्याकडे बघत होत्या आणि मी जमिनीकडे.

मोटारीत त्यांनी घड्याळ खळग्यात ठेवलं, पण बोट रोखलं नाही. स्टेशन आल्यावर म्हणाले, "जुनं यंत्र कुठे टाकलं असेल रे त्यानं?"

दुसऱ्या सकाळी मी गेलो तर काका नेहमीसारखे खिडकीशी उभे, किल्ली देत होते. मला राहवलं नाही. "काका, आता त्याला..."

"हळू बोल, ती वर आहे." जिन्याकडे बघत ते कुजबुजले, "पोरीनं अख्खा उन्हाळा घातलाय ह्यात. बापाला आवडलं नाही असं तिला वाटायला नको." आणि फिरवत राहिले. मग कशाला फिरवताय, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. पुढे मी ते रोज पाहिलं. मीना खाली यायच्या आत आटपायचं आणि घड्याळ खिशात टाकायचं. इतका लबाड आणि इतका भाबडा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

लग्न झाल्यावर मी दुसऱ्या गावी राहायला गेलो. दशक संपता संपता, एका हिवाळ्यात, काका गेले. भेटायला गेलो तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. मीना कॉलेजातून आली होती. ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. टेबलावर घड्याळ होतं, चालू, अगदी बरोबर वेळ दाखवणारं. त्याला कुणी गेल्याचं काहीच नव्हतं. मला त्याचा रागच आला.

"दादा, मला माहीत होतं," ती म्हणाली. "बाबा रोज ते वाइंड करायचे. पहिल्याच आठवड्यात पाहिलं मी. तेव्हा कळलं, व्हॉट आय हॅड डन."

"मग बोलली का नाहीस त्यांच्याशी?"

"त्यांना वाईट वाटलं असतं, की मला वाईट वाटलं." तिनं बाहीनं डोळे पुसले. "मी वर जिन्यात बसून राहायचे, टिल ही वॉज डन. मग मुद्दाम पाय आपटत खाली यायचे. आणि ते म्हणायचे, 'झोप झाली का गं?'"