तुरीचा की कडुनिंबाचा

वर्ध्याच्या बाजारात बसणाऱ्या त्या मधवाल्याची जीभ म्हणजे जिल्ह्याचा सातबारा! बोट चाटलं की सांगायचा, "हा नाचणगावच्या तुरीचा, शेताच्या तिसऱ्या धुऱ्यावरचा." माशीचं आडनाव तेवढं सांगायचं राहायचं. गिऱ्हाइकालाही बोटभर चाटवल्याशिवाय बाटली देत नसे.

महिनाभराच्या तापातून उठून तो परवा पुन्हा बाजारात बसला. मी गिरडहून आणलेला कडुनिंबाचा मध ओळखायला म्हणून पुढे केला. त्यानं चाटला, डोळे मिटले, आणि मग माझाच चेहरा न्याहाळू लागला. असं त्यानं कधी केलं नव्हतं.

"तुरीचा?"

तान्ह्या पोरानंही थुंकला असता इतका तो कडवट होता.

"बरोबर!" मी ओरडलो.

"काऊन खोटं बोलता, भाऊ? मले तं सारंच पाणी लागून राह्यलं," तो म्हणाला, आणि त्यानं पुन्हा बोट बुडवलं.