मानकोली नाक्यावरची शिकवणी

माझ्या धाकट्या भावाने चौदाव्या वर्षी जेवढा मुलूख पाहिला, तेवढा आमच्या आमदाराने निवडणुकीतसुद्धा पाहिला नसेल. कापडाच्या गाठी नेणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर गमतीने "चल बे" म्हणाला, की हा चढलाच. त्याला सुरतेहून आणला, नाशकाहून आणला. एकदा दिल्लीच्या वेशीवरून आणला असं मी सांगते. वेस वसईची होती, पण रडून सुजलेल्या डोळ्यांना ती दिल्लीच दिसली.

आई गेल्यावर त्याला पाड्यावरून भिवंडीजवळ शेलारला, माझ्या घरी आणलं होतं. वसईच्या खेपेनंतर नवरा म्हणाला, "आता गेला तं मी शोधाया जानार न्हाय. ड्युटी सोडून किती फिरू?" रागाने बोलला असता तर मी भांडले असते. तो थकून बोलला, म्हणून मला धडकी भरली.

मी त्याला मुंबईला दाखवायला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोराचा चेहरा निरखला आणि विचारलं, पोटुशी असताना आई दारू घ्यायची का. घ्यायची. भाताच्या लावणीत कंबर मोडली की मोहाची घ्यायची, वर सुईणही घोटभर पाजायची. पाड्यावर दारूला औषधच समजत.

"तेव्हाच त्याच्या मेंदूला इजा झाली. यावर गोळी नाही," बाई म्हणाल्या. "शिकवावं लागेल. एका वेळी एकच गोष्ट, रोज त्याच शब्दांत. मारू नका, कशाबद्दल मारलं ते त्याला उमगत नाही. बरोबर केलं की लगेच बक्षीस."

एकच गोष्ट ठरवली. कुणी "चल" म्हटलं की आधी माझ्याकडे बघायचं आणि म्हणायचं, "ताईला विचारतो."

मी अख्खी गल्ली कामाला लावली. शेजारची खाला दिवसभर हाका मारायची, "ऐ हीरो, चल, तेरा निकाह पढ़वाती हूँ." तो माझ्याकडे बघायचा. "ताईला विचारतो." लगेच चिक्कीचा तुकडा. महिन्याभरात गडी असा तयार झाला, की नवरा "जेवाया चल" म्हणाला तरी ताईला विचारल्याशिवाय ताटावर बसेना. आता ढोलताशेवाला सांगायचा तेवढा बाकी होता.

आणि त्याच आठवड्यात हायवेवरच्या मानकोली नाक्यावरून तो पुन्हा गेला.

मी एकटीच शोधत फिरले. दुसऱ्या दिवशी एका ढाब्यावर सापडला, हसत भांडी घासत होता. तशीच त्याला घेऊन बाईंकडे गेले. "तुमचा धडा विसरला तो."

"विसरला नाही. तो गल्लीतला धडा होता. नाका त्याला नवीन आहे. तिथे पहिल्यापासून शिकवा."

"बाई, भिवंडीत माणसांपेक्षा ट्रक जास्त. किती ठिकाणी पहिल्यापासून?"

 त्यांनी मला पाणी दिलं.

शुक्रवारी नवऱ्याच्या कारखान्यातले कापडाचे लूम बंद. नवऱ्याला घरी झोपू दिलं आणि भावाला घेऊन नाक्यावर उभी राहिले. पहिला ट्रक थांबला, तसं ड्रायव्हरला म्हटलं, "भैया, इसको ज़रा बोलो, चल."

"क्यों, बेचना है क्या?"

"तेरी औकात के बाहर है. तू बस बोल."

तो बोलला. भाऊ चढला. मी खाली ओढला. दुसरा ट्रक, परत चढला. लोक जमले, कुणी म्हणालं पोरगं वेडं, कुणी म्हणालं बाईच. चिक्की पदरात चिकटून गेली. दुपारपर्यंत माझ्या हातात जोर उरला नाही. वाटलं, पुढच्या वेळी ओढूच नये, जाऊ दे.

पुढच्या ट्रकवाल्याने हाक मारली. भावाने पायरीवर पाय ठेवला, थांबला आणि वळून माझ्याकडे बघितलं. मग चढला.

"चढ़ गया, दीदी," ड्रायव्हर म्हणाला.

"देखा ना पहले?"

मी पदरातली चिक्की ओरबाडून काढली, लगेच वर दिली, आणि दुसऱ्या हाताने त्याचा पाय धरून ठेवला. मागे हॉर्न कोकलत होते. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

"फिर से बोलूँ?"

मी भावाला खाली उतरवलं. हो म्हणून मान डोलावली.